चार पानांची तेरा पानं का झाली: मालकाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. आमच्या दुकानात तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. कार्यक्रम तोंडावर असताना माणसाची काय घालमेल होते, ते मला कळतं.

तुम्ही लिहिलंय की नोटेशनची (स्वरलिपीची) चार पानं टाइप करायला दिली आणि तेरा पानांचं बिल हातात ठेवलं, क्लॅरिनेटच्या नोटेशनमध्ये अर्धं पान कोरं सोडून पूर्ण पानाचे पैसे लावले, काम दोन दिवस उशिरा दिलं, आणि हे सगळं फुकटच्या सॉफ्टवेअरवर नुसतं बटण दाबून होतं. खाली एक स्टार. आता नकाशावर आमचं दुकान शोधणाऱ्याला पत्त्याच्या आधी हेच दिसतं. सोलापुरात नोटेशन टाइप करून घेणारी माणसं मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांनीच पाठ फिरवली तर मी फक्त झेरॉक्स आणि लग्नपत्रिकाच करत बसायचं. म्हणून उत्तर जरा लांबतंय, राग मानू नका.

आधी पानांचा हिशेब. फुल स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र, ४ पानं; मग प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद, म्हणजे पार्ट: व्हायोलिन ३, क्लॅरिनेट ३, कीबोर्ड २, तबला १. झाली १३. पानाला १५० रुपये हा दर काउंटरच्या मागे भिंतीवर लिहिलेला आहे, तुम्ही उभे होता त्याच्या बरोबर समोर. तुमच्या हाताने लिहिलेल्या चार पानांचा स्कोअर चारच पानांचा झालाय. बाकीची नऊ पानं पार्टची आहेत आणि ते पार्ट तुम्हीच मागितलेत. "प्रत्येकाचं वेगळं काढून द्या, पोरं एकमेकांच्या कागदात डोकावतात" असा तुमचा मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहे. व्हायोलिनवाले दोघं आहेत, तरी पार्ट एकदाच धरला. दुसऱ्याची झेरॉक्स बिलात लावली नाही. तेही अभिप्रायात आलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता ते कोरं अर्धं पान. खरं सांगू का, बाकी सगळं मी पचवलं असतं. हे नाही पचलं.

तुम्ही सांगितलं होतं की कागद दोन्ही बाजूंनी छापा आणि स्टेपल करा, स्टेजवर पंखे असतात, सुटी पानं उडतात. बरोबर आहे. पण तीन पानांचा पार्ट असा छापला की पहिलं पान संपल्यावर उलटावं लागतं. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचे दोन्ही हात भोकांवर आणि पट्ट्यांवर अडकलेले. तो पान कधी उलटणार? जिथे त्याला थांबायचंय तिथेच. तुमच्या रचनेत अशी जागा एकच आहे: तबल्याच्या एकट्याची चार आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे), तेव्हा क्लॅरिनेट गप्प. म्हणून पहिलं पान तिथे तोडलं आणि उरलेली जागा मोकळी सोडली. ती भरली असती तर मुलाला पान उलटावं लागलं असतं तिहाईच्या (तीनदा वाजणाऱ्या तुकड्याच्या) मधोमध. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळे ही गोष्ट मी सॉफ्टवेअरमधून शिकलेलो नाही. ती अर्धी जागा जितका वेळ विचार करून सोडली, तितका वेळ भरलेल्या पानालाही लागला नव्हता. आणि तीच तुम्हाला लबाडी वाटली.

तुम्ही दुकानात म्हणालात तसं तीन पानांचा पार्ट बारीक करून दोन पानांत कोंबता आला असता. स्वर ज्या पाच रेघांवर लिहितात त्यांची मिळून उंची साधारण ७ मिलिमीटर ठेवतात. ती पाचवर आणली की बसतं. मग व्हायोलिनचे दोघं स्टँडवरून हातभर लांबून ते वाचणार कसे? टायपिंग छान दिसलं असतं, वाजलं नसतं.

बटण दाबायच्या कामाबद्दल. पार्ट सॉफ्टवेअर आपोआप काढून देतं हे खरं आहे, मी कधी नाकारलं नाही. तुमचा षड्ज (सा) पेटीच्या काळी दोनचा, म्हणजे ई फ्लॅट. क्लॅरिनेटमधून लिहिल्यापेक्षा खालचा स्वर निघतो, म्हणून त्या मुलासाठी तो एफ लिहावा लागतो. हेसुद्धा सॉफ्टवेअरच करतं. पण ओळ कुठे तोडायची, सम (तालाची पहिली मात्रा) ओळीच्या सुरुवातीला कशी आणायची, पान कुठे संपवायचं, हे त्याला कळत नाही. शिवाय तबल्याच्या ओळीखाली देवनागरीत बोल घातले की सगळी मांडणी सरकते. 'धा'ला जागा लागते एवढीशी. रेल्यात, म्हणजे जलद बोलांत, 'धिरधिर किटतक' आलं की अक्षरं एकमेकांवर चढतात, सॉफ्टवेअर त्या मात्रा ताणतं आणि त्यांच्या डोक्यावर असलेलं व्हायोलिनही उगाच ताणलं जातं. ते हाताने सरळ करावं लागतं, एकेक माप धरून.

आणि तुमचं काम साधं नव्हतं सर, तुम्हालाही माहीत आहे. दहा मात्रांच्या झपतालाचा ठेका, म्हणजे त्याचे ठरलेले बोल, बिआडमध्ये. तुम्ही तबल्याचे क्लास घेता, तुम्हाला मी काय सांगणार. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो. बिआड म्हणजे चार मात्रांच्या वेळात सात बोल, पावणेदोनपट लय. प्रत्येक मात्रेचे सात भाग करायचे आणि एकेक बोल चार भागांचा. दहा बोलांना ४० भाग लागतात, आवर्तनाचे भाग ७०. मग सम गाठायची तर ३० भाग सोडून सुरुवात करायची, म्हणजे चार पूर्ण मात्रा आणि पाचवीतले दोन भाग. पाचवी मात्रा अशी दिसते ('–' म्हणजे रिकामा भाग, 'ऽ' म्हणजे आधीचा बोल लांबवलेला): – – धी ऽ ऽ ऽ ना. तो 'ना' मात्रेच्या शेवटच्या भागात उगवतो आणि खालीची (टाळी नसलेल्या विभागाची) रेघ ओलांडून सहाव्या मात्रेत तीन भाग टिकतो. सहावी: ऽ ऽ ऽ धी ऽ ऽ ऽ. संगीत विशारदच्या परीक्षेत मुलं असलं हाताने लिहितात, कारण भातखंडे स्वरलिपीत सात घरं आखून खाली एक कंस ओढला की काम भागतं.

पाच रेघांच्या नोटेशनमध्ये तसं भागत नाही. तिथे चार मात्रांतल्या सात बोलांचा गट कंसात बांधावा लागतो आणि विभागाची रेघ ओलांडणारा प्रत्येक बोल दोन स्वरचिन्हांत तोडून वर जोडरेघ द्यावी लागते. त्यात तुमचा हट्ट, आणि तो रास्तच होता, की विभागाच्या रेघा २-३-२-३ अशाच दिसल्या पाहिजेत. फुकटचं म्हणता ते म्यूजस्कोर. ते खरोखर फुकट आहे, चांगलंही आहे, भजनं आणि शाळेची गाणी मी त्यावरच करतो. पण त्यात असा गट विभागाच्या रेघेपलीकडे नेता येत नाही. म्हणून तुमचं काम डोरिकोवर केलं, त्याची पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागते. तिथे सेमीकोलन दाबून सातास चार लिहिलं की गट बनतो आणि रेघ ओलांडून जातो. तेवढं एक बटण तुमचं म्हणणं खरं करतं.

मागच्या वर्षीची फाईल दिली होती, त्यात थोडेच बदल होते, असंही तुम्ही अभिप्रायात म्हटलंय. ती फाईल फिनाले नावाच्या नोटेशन सॉफ्टवेअरची होती. फिनालेचं पुढचं काम थांबल्याचं ऑगस्ट २०२४ मध्येच जाहीर झालं आणि ती फाईल डोरिकोमध्ये थेट उघडत नाही. म्यूझिकएक्सएमएल, म्हणजे वेगवेगळ्या नोटेशन सॉफ्टवेअरना वाचता येणारं रूप, करून आणावी लागते. त्यात स्वर येतात, पण पानांची मांडणी जशीच्या तशी येत नाही. तरी जुन्या भागाचं टायपिंग वाचलं म्हणून तुम्हाला आधीच सूट दिली होती. पानाचा दर एरवी २०० आहे, बोर्डावर त्याच्या खाली लिहिलंय की तयार फाईल असेल तर १५०.

उशिराचं. बुधवारी देतो म्हणालो आणि शुक्रवारी दिलं. मंगळवारी रात्री दहानंतर तुमचा व्हॉइस मेसेज आला की लेझीमवाल्यांच्या एन्ट्रीसाठी एक आवर्तन वाढवा. एक आवर्तन म्हणजे काय मोठं, असं वाटतं. ते पाचही ठिकाणी वाढतं, खालच्या सगळ्या ओळी सरकतात, आणि पान उलटायची ती जागा पुन्हा शोधावी लागते. दुसरं, तुमच्या कागदावर नवव्या मात्रेत आठ भाग लिहिलेले होते. कुठला 'ऽ' जास्तीचा ते विचारायला फोन केला, तुम्ही लग्नात होता, उचलला नाही. शेवटी हिशेब मांडून मीच ठरवलं: ऽ ऽ धी ऽ ऽ ऽ धी. तालमीत मुलं समेवर बरोबर आली असं तुमच्याच विद्यार्थ्याने मला सांगितलं. त्याबद्दल अभिप्रायात एक अक्षर नाही.

एवढं सगळं बिल घ्यायला आलात तेव्हा शांतपणे सांगितलं असतं. पण तुम्ही लग्नपत्रिकेच्या गिऱ्हाइकांसमोर "लुटायला बसलाय का" म्हणालात, आणि मी गप्प बसलो. माझा मुलगा गल्ल्यावर होता. सोलापूरची भाषा कडक असते, आम्हीही तसंच बोलतो, पण तो शब्द जिव्हारी लागला.

असो. पार्टची पानं वेगळी मोजली जातात, हे तुमच्या सूचनेवरून बोर्डावर स्पष्ट लिहायचं ठरवलंय, आणि मोठं काम असेल तर पानांचा अंदाज आधी सांगत जाऊ. जमेल तसं.

तुमची पीडीएफ आणि डोरिकोची मूळ फाईल दोन्ही इथे ठेवली आहेत. पुढच्या वर्षी दुसरीकडून बदल करून घ्यायचे असतील तर पेन ड्राइव्ह घेऊन या, देईन, त्याचे पैसे नाहीत. ५०० ॲडव्हान्स वजा जाता १४५० बाकी आहेत, ते गॅदरिंग झाल्यावर दिलेत तरी चालेल. आणि ते क्लॅरिनेटचं पान एकदा त्या वाजवणाऱ्या मुलाला दाखवून विचारा. त्याला पटलं तर स्टारचं तेवढं बघा.