सत्ता गावात आली म्हणे!

मोबाईलवर एक मजकूर फिरतोय : ‘७३ व्या घटनादुरुस्तीनं दिल्लीने २९ विषय गावाला दिले. पैसा थेट पंचायतीत येतो. मराठी पॅनेल निवडून आणा, कारभार मराठीत होईल. ग्रामसभेला जा.’ आम्ही कर्नाटकातले मराठी; आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो तीनदा आला, म्हणून उत्तर देतोय.

२९ विषयांची यादी राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत आहे, खरं आहे. पण स्थानिक स्वराज्य हा विषय मुळात राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतला. दिल्लीकडे द्यायला तो नव्हताच. कलम २४३ जी नुसार राज्य विधिमंडळ पंचायतींना अधिकार देऊ शकतं, द्यायलाच हवेत असं नाही. म्हणजे चावी बेंगळुरूत. कर्नाटक यात मागासलेला होता असंही नाही. अब्दुल नझीरसाब इथले मंत्री असताना पंचायतींना अधिकार देणारा १९८३ चा कायदा झाला, घटनादुरुस्तीच्या कितीतरी आधी. त्याच राज्यात जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. यादी तीच, निवडून आलेला माणूस गायब.

पैसा ‘थेट’? केंद्राच्या वित्त आयोगाचं अनुदान आधी राज्याच्या तिजोरीत, मग खाली. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानात ६० टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली होती. आमच्या शिवारातली पाणंद दर पावसाळ्यात चिखलात जाते, उसाची ट्रॉली रुतते. पाण्याच्या खात्यात पैसे असले तरी त्यातून पाणंदीवर खडी पडत नाही.

राहिलं मराठी पॅनेल. १९८१ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या स्थानिक संस्थांची कामकाजाची भाषा कन्नड ठरवली आहे. सगळे सदस्य मराठी निवडले तरी पंचायतीच्या भिंतीवरची नोटीस कन्नडच. आमच्याकडे म्हातारी माणसं ती शाळकरी नातवाकडून वाचून घेतात. आणि ठराव करून काही होतं म्हणणाऱ्यांनी २००५ आठवावं. बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला, राज्य सरकारनं महापालिकाच बरखास्त केली. निवडून दिलेली संस्था वरून एका आदेशाने जाते, तिला सत्ता म्हणायचं का? (तरीही मतदानाला मी जातोच, ते वेगळं.)

‘ग्रामसभेला जा’ एवढं मात्र खोडता येत नाही. मागच्या सभेला आम्ही अकरा जण होतो, ग्रुपमध्ये दीडशेवर. पाणंदीचा विषय मी मांडला. पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) तो इतिवृत्तात लिहून घेतला, कन्नडमध्ये. खाली सही मी मराठीत केली.