परत न करायचे पैसे आणि वसुलीतले सासरे

इंग्लंडमध्ये डिग्रीच्या कोर्सला बसताना तुमचं वय एकवीस किंवा त्याच्या पुढे असेल तर तुम्ही 'मॅच्युअर स्टुडंट'. एकवीस! आमच्याकडे एकविसाव्या वर्षी पोराला स्वतःचे बनियन कुठल्या कप्प्यात असतात ते माहीत नसतं. त्यामुळे माझ्या वर्गातला बावीस वर्षांचा, अजून धड मिशी न फुटलेला एक मुलगा आणि बेचाळिसाव्या वर्षी दोन पोरं शाळेत सोडून धापा टाकत येणारी मी, असे आम्ही दोघं सरकारी हिशोबात सारखेच मॅच्युअर. तो लेक्चरला झोपतो, मी पण झोपते, कारणं फक्त वेगळी.

कोर्स पोडियाट्रीचा, म्हणजे पायांचा. कुरूपं, आत वाढलेली नखं, डायबेटिसवाल्यांच्या जखमा वगैरे. लेस्टरमध्ये पंधरा वर्षं एका ऑफिसात लोकांचे पगार काढल्यावर मला वाटलं आता काहीतरी हाताने करायचं काम शिकावं, एवढीच त्यामागची गोष्ट, उगाच फार खोल नाही. सासूबाई मात्र फोनवर म्हणाल्या, "बीकॉम झालेली बाई तू, एवढ्या लांब जाऊन लोकांचे पाय धरणार?" यावर उत्तर नव्हतं, कारण कोर्समध्ये नेमकं तेच शिकवतात.

पण खरा गोंधळ पायांचा नाही, पैशांचा झाला. आणि पैसे मिळाले नाहीत म्हणून नाही, मिळाले म्हणून.

त्याचं असं आहे की इंग्लंडात आधी नर्सिंग आणि असल्या कोर्सेसना एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेची, बर्सरी (शिष्यवृत्ती) होती, ती २०१७ पासून नवीन मुलांसाठी बंद झाली, मग नर्सिंगला अर्ज कमी यायला लागले, मग सप्टेंबर २०२० पासून 'लर्निंग सपोर्ट फंड'मध्ये नवी ग्रँट आली. वर्षाला ५,००० पौंड ट्रेनिंग ग्रँट. पंधरा वर्षांखालचं मूल असेल तर आणखी २,०००. आणि ज्या विषयांना माणसंच मिळत नाहीत त्यांना १,००० जास्तीचे, ज्यात मेंटल हेल्थ नर्सिंग आहे, रेडिओग्राफी आहे आणि चक्क पाय पण आहेत. म्हणजे माझे झाले ८,०००. दर वर्षी. परत करायचे नाहीत. आणि सगळ्यात भारी म्हणजे या फंडात नवऱ्याचा पगार कुणी विचारत नाही.

दुसऱ्या एका भत्त्यात विचारतात. पालक असलेल्या विद्यार्थ्यांसाठी 'पेरेंट्स लर्निंग अलाउन्स' म्हणून आहे, मिळाला तर कमीत कमी ५० पौंड, तेही परत न करायचे, पण घरातल्या उत्पन्नावर ठरतात. मी नवऱ्याच्या पे स्लिपा, पी सिक्स्टी (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कागद), सगळं जोडलं आणि मिळाला भोपळा. का, तर घरातलं उत्पन्न जास्त आहे! लग्नाला अठरा वर्षं झाली, माझ्या नवऱ्याचा पगार जास्त आहे असं म्हणणारं पहिलंच माणूस मला त्या दिवशी भेटलं आणि तेही नेमकं पैसे न देण्यासाठी. नवरा आठवडाभर खूश होता, ते पत्र त्याने फ्रिजवर लावलं.

तर ते ८,०००. फॉर्म भरायला घेतला आणि पहिलाच प्रश्न निघाला की मी कोण. तुमच्याकडे आधीची डिग्री असेल तर इथे सहसा दुसऱ्या डिग्रीच्या फीला सरकारी लोन देत नाहीत, मग ती पहिली डिग्री लेस्टरची असो नाहीतर कोल्हापूरची, पण नर्सिंग, पाय वगैरे विषयांना त्यातून सूट आहे. म्हणजे बीकॉम लपवायचं कारण नव्हतं, फक्त ते माझंच आहे हे सिद्ध करायचं होतं. आता माझ्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग माझं नाव, मग वडिलांचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव काढलं आणि माझं नाव बदललं, मधे वडिलांच्या जागी नवरा आला आणि आडनाव तर गेलंच. मार्कशीटवरची बाई आणि पासपोर्टवरची बाई या दोघींमध्ये जन्मतारीख सोडून काहीही कॉमन नाही. मॅरेज सर्टिफिकेटवर आधीचं नाव आहे, पण नंतरचं नाही, गॅझेटमध्ये नंतरचं आहे, पण स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. फोनवरच्या बाई खूप गोड होत्या, पण त्यांचा मूळ मुद्दा सुटेना. "हे मधलं नाव पुरुषाचं आहे का?" हो, वडिलांचं. "आणि दुसऱ्या कागदावर?" ते पण पुरुषाचं, पण दुसऱ्या. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, मी हे कॉल रेकॉर्ड होतंय ते सांगितलंय ना तुम्हाला?

मोठ्याचा जन्म माहेरचा. मुलाच्या त्या २,००० साठी बर्थ सर्टिफिकेट पाहिजे, त्यावर आईचं नाव पाहिजे. ते होतं, पण बाळंतपणाला मला घेऊन आमचे काका गेलेले आणि काका मला लहानपणापासून ज्या नावाने हाक मारतात तेच त्यांनी दवाखान्यात लिहून दिलं. म्हणजे आता तिसरी बाई आली. ही तिन्ही माणसं एकच आहेत असं शपथेवर लिहून देताना मला स्वतःलाच जरा शंका यायला लागली होती.

हे सगळं चालू असताना घरात कोण, तर सासरे. अण्णा. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आले होते. अण्णांनी आख्खं आयुष्य सहकारी बँकेच्या वसुली खात्यात काढलं. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला घेऊन ट्रॅक्टर ओढून आणलेत, एका थकबाकीदाराच्या तर मुलीच्या लग्नात जाऊन अक्षता टाकल्या, जेवले आणि जाताना नोटीस हातात दिली. ही गोष्ट ते स्वतः कौतुकाने सांगतात. अशा माणसाला मी चहा देता देता सांगितलं, अण्णा, आठ हजार पौंड मिळणार आहेत वर्षाला, परत नाही करायचे.

"जामीनदार कोण?"

कुणी नाही, अण्णा.

"तारण?"

नाही काही.

"मग देतात कशाला?" आता याला काय सांगणार. माणसं कमी आहेत असं मी म्हणाले, तर त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्याकडे पण माणसं कमीच होती, आम्ही वाटले का?" मग मनातल्या मनात गुणाकार करून आठ लाखांच्या वर आकडा गेल्यावर उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून मुलाशी बोलले. मला नंतर नवऱ्याकडून कळलं की विषय असा होता, सूनबाईला कुणीतरी फसवतंय, ओटीपी मागितला तर देऊ नको म्हणावं तिला.

दोन दिवसांनी त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता. पोरं दोन आहेत तर मुलांचे २,००० गुणिले दोन असे ४,००० का नाही धरले? म्हटलं अण्णा, ते विद्यार्थ्याला मिळतात, पोरागणिक नाही. "बघ," म्हणाले, "इथे मारली ना मेख." जरा बरं वाटलं त्यांना.

आणि सासूबाई फोनवरून वेगळ्याच मार्गाने आलेल्या. त्यांनी कुठेतरी ऐकलं की मुलं सांभाळायचे पण पैसे देतात. देतात, 'चाइल्डकेअर ग्रँट' आहे, खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या मर्यादेत, पण तीही घरातल्या उत्पन्नावर आणि सांभाळणारी व्यक्ती रजिस्टर्ड पाहिजे, ऑफस्टेडकडे, म्हणजे शाळा-पाळणाघरं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे वगैरे. "म्हणजे मी आले तर?" म्हटलं आई, आजी चालत नाही. चार पोरं, सहा नातवंडं आणि शेजारच्यांची किती ते वेगळंच, एवढी वाढवलेल्या बाईला आपण रजिस्टर्ड नाही हे ऐकून जे वाटलं ते त्यांनी मला पुढे महिनाभर ऐकवलं.

मग एकदा रात्री जेवताना नवऱ्याने, गरज नसताना, फीच्या लोनचा विषय काढला. फी वर्षाला ९,२५० पौंड होती (आता वाढलीय), त्याचं मात्र कर्ज आहे. अण्णा एकदम ताठ बसले. कर्ज म्हटल्यावर त्यांना बिचाऱ्यांना घरी आल्यासारखं झालं. "हप्ता किती?" हप्ता नाही, अण्णा, वर्षाला २५,००० पौंडाच्या वर जेवढं कमवेन त्याच्या नऊ टक्के, पगारातूनच कापून जातात. "आणि नाही कमावलं तर?" तर नाही द्यायचे. "आणि मुदत?" चाळीस वर्षं. त्यांनी हिशोब केला, कोर्स संपेल तेव्हा मी पंचेचाळीस, म्हणजे पंच्याऐंशीपर्यंत. "तेव्हा राहिलेले कुठून देणार?" माफ होतात. "माफ!" आणि त्याआधी मी गेले तर? तेही माफ. "वारसांना नोटीस?" नाही. त्यांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली. त्यात नवऱ्याने पुढचं सांगितलं की डिग्रीच्या आधी मी जो ॲक्सेसचा, म्हणजे डिग्रीला प्रवेश मिळवण्यापुरता, कोर्स केला, कारण वीस वर्षांपूर्वीच्या बीकॉमवर पायांना हात लावू देत नाहीत, त्याचं पण कर्ज आहे आणि डिग्री पूर्ण केली की ते सरळ पुसून टाकतात. म्हणजे पहिलं कर्ज फेडायचा उपाय काय, तर दुसरं काढणे. "हे आमच्या चेअरमनने केलं होतं," अण्णा म्हणाले, "आत गेला."

पैसे आले. तीन टप्प्यांत येतात, त्यातला पहिला. कशात गेले म्हणाल तर प्लेसमेंटच्या गाडीखर्चात, क्लिनिकच्या बुटांत, धाकटीच्या आफ्टर स्कूल क्लबात, थोडे ऑफिसचे तास कमी केले त्यात. श्रीमंती वगैरे काही नाही, पण महिन्याच्या वीस तारखेला बँकेचं ॲप उघडताना पोटात गोळा यायचा तो जरा कमी आला, आणि मला विचाराल तर बाकी सगळ्या मोटिव्हेशनल भाषणांपेक्षा चाळिशीतल्या माणसाला शिकवायचा हाच उपाय आहे.

अण्णा मात्र झोपेना. मी त्यांच्यावरच प्रॅक्टिस करत होते, शुगर आहे त्यांना. डायबेटिसवाल्याच्या पायाची संवेदना बघायला एक बारीक नायलॉनची तार असते, ती वाकेपर्यंत, म्हणजे साधारण दहा ग्रॅमच्या दाबाने, तळव्याला टेकवायची आणि त्याने डोळे मिटून, लागलं की हो म्हणायचं. मी खाली बसलेली, अण्णांचा पाय माझ्या मांडीवर, डोळे मिटलेले. "हो," अण्णा म्हणाले. अजून टेकवलीच नाहीये. "मग लवकर टेकव." आयुष्यभर लोकांनी याच पायांवर डोकी ठेवली होती, मुदत वाढवून द्या म्हणून, त्यामुळे कुणी पायाशी बसलं की त्यांना आपोआप नाही म्हणायची सवय, हो म्हणताना जरा जड जात होतं.

आणि मधेच डोळे न उघडता विचारलं, "आणि कोर्स अर्धवट सोडलास तर?"

म्हटलं, मग पुढच्या काळाचे जेवढे जास्त आलेत तेवढे परत मागतात. ओव्हरपेमेंट म्हणतात त्याला.

डोळे उघडले. "मागतात म्हणजे?"

म्हणजे पत्र पाठवतात, नाही दिले तर मागे लागतात.

"हे आधी नाही का सांगायचं!" अण्णांनी पाय काढून घेतला, चष्मा लावला, मला लॅपटॉपवर ते पान काढायला लावलं आणि नवऱ्याला बसवून वाक्या वाक्याचं मराठी करून घेतलं. दोनदा. मग गावी सासूबाईंना फोन लावला. "अगं, काळजी करू नकोस. लोक व्यवस्थित आहेत. वसुली आहे त्यांच्याकडे."