प्लॅन म्हणजे सपाट

'मग, काय प्लॅन?' हे आपण दिवसातून किती वेळा म्हणतो! परवा उगाच या शब्दाच्या मागे लागलो. निघाला लॅटिनमधला 'प्लानुस'. अर्थ काय, तर सपाट. इटालियनमध्ये 'हळू' या अर्थाचा 'पियानो' हाही त्याच घरातला.

17व्या शतकात हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो इमारतीचा नकाशा म्हणून. पुढच्या शतकात त्याला 'बेत' हा अर्थ चिकटला. आर्किटेक्ट मंडळींनी मात्र जुना अर्थ सोडलेला नाही. त्यांचा प्लॅन म्हणजे घर जमिनीपासून साधारण चार फुटांवर आडवं कापलंय असं समजून वरून बघायचं. भिंतींच्या जाड रेषा, दार किती उघडतं ते दाखवणारी पाव वर्तुळाची कमान. उंची त्यात दिसतच नाही, त्यासाठी सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद, वेगळा काढावा लागतो.

हे मला फार उशिरा कळलं. घराच्या प्लॅनवर पट्टी ठेवून मी जिन्याखाली माझं टेबल बसवलं होतं. टेबल, खुर्ची, खुर्ची मागे सरकवायला दोन फूट, सगळं चोख. प्रत्यक्षात बसलो तर छान, उठलो की टाळकं थेट जिन्यावर!

ऑफिसातले रंगीत रकान्यांचे तक्तेही असेच. कोणत्या आठवड्यात कोणतं काम ते दिसतं, पण ते करणारा माणूस तेव्हा किती थकलेला असेल ते नाही. आणि मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात, कारण कागदावर काहीच एकमेकांना आपटत नसतं.

आपली 'योजना' आली 'युज्' धातूवरून, म्हणजे जोडणं, जुंपणं. बैलाच्या मानेवरच्या 'जू'चं मूळही तेच, आणि त्यासाठीच्या इंग्रजी 'योक'चंही. म्हणजे योजना करायची तर कोणाला कशाला जुंपायचं हे ठरवावं लागतं, नुसतं चित्र काढून भागत नाही.

माझा लाडका शब्द मात्र 'मनसुबा'. 'मनसुबे रचतोय' असं हिणवून म्हणतात म्हणून बिचारा बदनाम झाला. अरबीत मन्सूबा म्हणजे बुद्धिबळातला कूटप्रश्न: पटावर सोंगट्या मांडलेल्या, आता यातून मात करून दाखव. यात समोर कोणीतरी बसलंय आणि तोही चाल करणार, हे धरलेलंच असतं. प्लॅनमध्ये तो समोरचा कुठे असतो?

टेबल अजून तिथेच आहे. जिन्याला खालून फोमचा तुकडा चिकटवलाय.