खारे वारे, मतलई वारे आणि एक विमान

रेडिओवर चालणारं विमान जमिनीवर असतं तोवर ते आपलं असतं. झाडात अडकलं की गावाचं होतं. मग त्याच्याविषयी बोलायला मालकाची परवानगी लागत नाही.

दिवेआगर ही माझी सासुरवाडी. ओहोटीला तिथली वाळू अशी घट्ट बसते की धावपट्टी वेगळी आखावी लागत नाही. डिसेंबरच्या सुट्टीत मी माझं फोमचं विमान नेलं होतं. पंखांची लांबी सव्वा मीटरच्या आसपास, वजन किलोच्या आत. सगळं छान चाललं होतं. मग मेहुणा म्हणाला, "भावोजी, द्या इकडे जरा."

जावयाने 'नाही' म्हणायचं नसतं. शिवाय मेहुणा म्हसळ्याच्या घाटात एका हाताने सहाआसनी रिक्षा चालवतो. पण रिक्षा आपण आतून चालवतो आणि विमान बाहेरून. ते लांब जाताना उजवं ते उजवंच असतं, पण तोंड फिरवून आपल्याकडे यायला लागलं की त्याचं उजवं म्हणजे आपलं डावं. हे मी सांगेपर्यंत विमानाने तोंड फिरवलं होतं. दुपारची वेळ, पाठीशी समुद्रावरून येणारा खारा वारा. मेहुण्याने मोठ्या आत्मविश्वासाने कळ उलट्या बाजूला दाबली आणि विमान सुसाट जाऊन सुरूच्या शेंड्यात बसलं.

"हे वळत नाही नीट," मेहुणा म्हणाला आणि रिमोट माझ्या हातात देऊन मोकळा झाला.

सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा. आपल्याकडे तो किनाऱ्यावर लावतात तो समुद्राचा वारा आणि उडती वाळू अडवायला. ज्याला वारा अडवायच्याच कामावर ठेवलंय, त्याने वाऱ्यावर आलेली वस्तू अडवली तर दोष कसा देणार? पंचवीस मीटर तर तो सहज वाढतो, आणि खालच्या फांद्या केव्हाच झडून गेलेल्या असल्यामुळे पाय ठेवायला काही नसतं. त्यातून हे झाड निसर्ग चक्रीवादळातून वाचलेलं. 3 जून 2020 ला या किनाऱ्यावर माड, पोफळी, सुरू सगळे आडवे होत असताना जे उभं राहिलं, ते आंब्याच्या झेल्याला काय दाद देणार! तरी दोन झेल्यांच्या काठ्या एकमेकींना बांधून पाहिल्या. दगड मारून झाले. मेहुण्याची चप्पल वर गेली ती वरच राहिली.

एव्हाना खाली बऱ्यापैकी गर्दी जमली होती आणि गर्दीचं एकमत होतं : "चालू करा की! उडून येईल."

हे वाक्य मी इतक्या तोंडांनी ऐकलं की शेवटी मलाच ते पटायला लागलं. पण त्यात एक अडचण आहे. पंखा फांदीत अडकलेला असताना मोटरला वीज दिली तर ती फिरत नाही, नुसती तापते. मग मोटरचा वेग सांभाळणारं जे ईएससी नावाचं यंत्र असतं, ते धूर सोडतं. वर लिथियम-पॉलिमर बॅटरी, खाली वाळलेल्या सुरूच्या काड्यांची गादी. विमान उडून आलं नसतं, बन मात्र उडालं असतं.

म्हणून मी मोटरला हात न लावता, विमानात धुगधुगी आहे का तेवढंच बघायला शेपटीची कळ हलवली. वरती सुकाणू डावीकडे-उजवीकडे हललं.

"काका," एक पोरगा ओरडला, "ते नाही म्हणतंय!"

संध्याकाळी नारळ काढणाऱ्याला बोलावलं. पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसऱ्या पोफळीवर जाणारा माणूस. त्याने सुरूकडे मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "याला लागतं काय?"

"काही नाही."

"मग चढायचं कशाला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर तो गंभीर होऊन म्हणाला की सुरूची फांदी वाकत नाही, कचकन मोडते. माड निदान सांगून हलतो. मीही मग आग्रह केला नाही. हजारो रुपयांच्या खेळण्यासाठी दुसऱ्याच्या मानेची जोखीम घेणारे हौशी लोक मी पाहिलेत. मला ते आवडत नाहीत.

घरी जाऊन रिमोट बंद केला. रिमोटचा संदेश तुटला की विमानातली मोटर बारीक आवाजात बीप-बीप करायला लागते. हरवलेलं विमान शोधायला याचा चांगला उपयोग होतो. पण माझं विमान हरवलेलं नव्हतं, ते सगळ्या गावाला दिसत होतं. रात्री बनाकडून येणाऱ्या एका गृहस्थांनी पाऊल उचललं ते थेट आमच्या ओसरीवर टेकवलं. सुरूत काहीतरी आहे म्हणाले. सासूबाईंनी शांतपणे सुपारी कातरत निकाल दिला, "मुंजा नव्हे. मुंजाला पिंपळ लागतो." जावयाचं विमान आहे हे सांगण्यापेक्षा त्यांना हे सोपं वाटलं असावं.

मी मात्र शाळेच्या भूगोलावर विसंबून होतो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. या उत्तराला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. ज्या वाऱ्याने विमान आत ढकललं त्याच्या उलटा वारा ते बाहेर ढकलणार, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. पहाटे अंधारात बनात गेलो. मतलई वारा सुटला होता, अगदी पुस्तकाबरहुकूम. आणि विमानाने काय केलं? संध्याकाळी त्याचं तोंड समुद्राकडे होतं, ते आता गावाकडे झालं होतं. वातकुक्कुट करतो तेवढंच त्याने केलं आणि परत बीप-बीप सुरू.

वाळूत एक नाखवा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, नीट करत बसला होता. त्याने काही विचारलं नाही, सल्ला तर मुळीच दिला नाही. कालपासून असा भेटलेला हा पहिलाच माणूस. त्याने तंगुसाच्या, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याच्या, टोकाला शिशाचं वजन बांधलं, हातभर दोरा सोडून गरगर फिरवला आणि सोडला. शिसं शेंड्याच्या फांदीवरून पलीकडे गेलं आणि स्वतःच्या वजनाने खाली आलं. दोन्ही टोकं धरून त्याने नुसते झटके दिले. नारळवाल्याने सांगितल्याप्रमाणे फांदी कचकन मोडली आणि फांदी, विमान, मेहुण्याची चप्पल अशा क्रमाने सगळं खाली आलं. पंखा तुटला होता, नाक चेपलं होतं, बाकी ठीक. मी आधी बॅटरी काढली. बीप थांबला.

नाखव्याने विमान तळहातावर तोलून पाहिलं. "केवढ्याचं?"

मी किंमत सांगितली.

"एवढ्यात जाळं येतं," तो म्हणाला. "परत उडवणार?"

"पंखा बदलला की उडवणार."

त्याने तंगूस गुंडाळून, शिशासकट माझ्या हातात ठेवलं. "मग हे तुमच्याकडंच राहू दे. मला भरतीला होडी काढायची असते."