कार्ल मरत नाही हो!

‘तेच आहे की सगळं, फक्त काळंपांढरं.’ ‘द वॉकिंग डेड’ या चालत्या मुडद्यांच्या, म्हणजे झोम्बींच्या मालिकेचे ११च्या ११ सीझन बघून बसलेल्या एका महाभागाने, ती ज्या कॉमिकवरून निघाली त्याबद्दल परवा हे ऐकवलं. वर पुस्ती, की कार्ल, म्हणजे नायक रिकचा पोरगा, तर कॉमिकमध्येही मरतोच ना!

नाही मरत. १९३ अंक झाले तरी मरत नाही. एक डोळा जातो, ४८व्या अंकात आई आणि तान्ही बहीण ज्युडिथ जातात, १९२व्यात बाप जातो, पण कार्ल उरतो. कारण गोष्ट त्याची आहे.

शेवटचा अंक उघडा. बरीच वर्षं उलटलीत, कार्ल संसाराला लागलाय. बायको सोफिया, लेक अँड्रिया. रिकच्या जुन्या गटातल्या मॅगीचा मुलगा हर्शेल मुडदे गाडीत घालून गावोगाव त्यांचे खेळ लावतो. कार्ल ते कापून टाकतो, तर नुकसान केलं म्हणून खटला त्याच्यावरच! आणि न्यायासनावर त्याच गटातली मिशॉन. मुडद्यांना तिकीट लावण्याइतकं जग निवांत झालंय, हे एवढ्यात कळतं. कॉमिकचा लेखक रॉबर्ट कर्कमनने जुलै २०१९ मध्ये आधी चकार शब्द न काढता हा अंक बाजारात आणला आणि दुकान बंद केलं. पुढच्या अंकांची खोटी मुखपृष्ठंसुद्धा करून ठेवली होती पठ्ठ्याने.

आता हे पडद्यावर आणणार कसं? सोफिया दुसऱ्याच सीझनला कोठारातून मुडदा होऊन बाहेर आली. अँड्रिया कॉमिकमध्ये १६७व्या अंकापर्यंत टिकते, रिकची जोडीदार, गटातली सगळ्यात अचूक नेमबाज. तिला तिसऱ्या सीझनच्या शेवटी खुर्चीला जखडून संपवलं. आणि आठव्यात कार्ल! कुणा परक्याला मदत करताना कुशीत चावा, मग तासभर निरोप, मग पत्रं. खलनायक नेगनचा गळा चिरूनही त्याला जिवंत ठेवायचं, हा कॉमिकमधल्या रिकचा स्वतःचा निर्णय. इथे तो मेलेल्या पोराची इच्छा म्हणून. मुडद्यांची कातडी पांघरणारी टोळी, व्हिस्परर्स, आल्यावर त्यांच्या म्होरकीची लेक लिडिया हिच्यासमोर उभं करायला कार्ल हवा होता, तो नाही म्हणून हेन्री नावाच्या पोराला पुढे केलं. मग त्याचंही मुंडकं खांबावर.

आणि मॅगीचा नवरा ग्लेन? १०० व्या अंकात नेगनची बॅट पडते ती ग्लेनवर, त्याच अंकात, तोंडासमोर. मालिकेत एप्रिल २०१६ मध्ये सहावा सीझन संपताना बॅट कॅमेऱ्यावर पडली. कोण गेलं ते ऑक्टोबरात कळणार! हे त्याच ग्लेनला कचरापेटीखाली सरकवून मेल्याचं नाटक केल्यानंतर, त्यासाठी ग्लेन साकारणाऱ्या स्टीव्हन युनचं नाव सुरुवातीच्या नामावलीतून उडवल्यानंतर. कॉमिकमध्ये गटातला अब्राहम डोळ्यात बाण लागून मरतो, मालिकेत तो बाण आधीच डेनिस नावाच्या डॉक्टरला देऊन टाकला होता, म्हणून बॅटला दोन डोकी, ग्लेन आणि अब्राहम.

रंगाचं म्हणाल, तर पहिल्या ६ अंकांची चित्रं टोनी मूरची, सातव्यापासून चार्ली ॲडलार्डची. रक्तही काळंच, त्यामुळे नजर जखमेवर न अडकता चेहऱ्यावर जाते. मोठा घाव बहुतेक वेळा पान उलटल्यावर समोर येतो, मध्ये जाहिरात नाही. रंगीत आवृत्ती २०२० पासून निघतेय, हवी त्याने खुशाल घ्यावी. सुरुवात करणाऱ्याने मात्र जाडजूड खंड घ्यावेत, चारांत सगळी गोष्ट. आणि सातव्या अंकाला चेहरे बदलले म्हणून ठेवून देऊ नये, चार अंकांत डोळा बसतो.

आता एवढी बोंब मारणारी आमची जमात कोण, तर १७७ भाग इमानेइतबारे बघून वर उपमालिकांच्या तारखा पाठ ठेवणारी. मालिकेतला लाडका डॅरल कॉमिकमध्ये औषधालाही नाही, पण त्याचा क्रॉसबो दिसला की हीच जमात सरसावून बसते. कॅरलही मालिकेतलीच सरस. कॉमिकमधली तुरुंगात स्वतःहून मुडद्याच्या मिठीत जाते. हे कबूल करताना दात-ओठ खावे लागतात, पण आहे.

हाताचं मात्र कबूल नाही. २८व्या अंकात गव्हर्नर नावाचा खलनायक रिकचा उजवा हात तोडतो आणि पुढचे सगळे अंक तो माणूस एका हाताने गोळ्या भरायला, पट्टा आवळायला शिकतो. मालिकेत दर दृश्यात संगणकावर हात पुसून काढणं परवडणारं नव्हतं, म्हणून शाबूत ठेवला. ठीक, पटलं. मग २०२४ मध्ये ‘द वन्स हू लिव्ह’ या उपमालिकेत रिकने अखेर तोडला. स्वतःच्याच हाताने. आणि तोही डावा!