चहा, वूस्टरचे शेतकरी आणि ‘टॅक्सचोरांचं बंड’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही त्यामुळे नुसताच नमस्कार. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या २५० वर्षांवर मी जो लेख टाकला त्याखाली तुमची प्रतिक्रिया वाचली, तिथेच उत्तर टाइप करायला बसले आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं वेगळी पोस्टच करू. बाकीच्यांनी वाचली नसेल म्हणून थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की हे बंड म्हणजे बॉस्टनच्या श्रीमंत स्मगलरांनी टॅक्स चुकवायला केलेली नौटंकी, चहा तर उलट स्वस्त झाला होता; गुलाम बाळगणाऱ्यांनी स्वातंत्र्याच्या गप्पा मारू नयेत; जिंकून दिलं ते फ्रेंचांनी; आणि समुद्रात टाकलेला चहा आपल्याच देशातून लुटलेला, त्याचं मला कौतुक कसलं, त्यापेक्षा त्याच काळात मराठ्यांनी वडगावला इंग्रजांची जिरवली त्यावर लिहा.

चहापासूनच सुरू करते कारण ते सोपं आहे. तो चहा आपला नव्हता हो. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री टॅक्सच्या निषेधात लोकांनी बॉस्टनच्या बंदरात जहाजांवरच्या ज्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात टाकल्या त्यातला सगळा चहा चीनचा होता, कॅन्टनहून लंडनला आणि लंडनहून तिकडे. आसामचा चहा लंडनच्या लिलावात यायला १८३९ साल उजाडावं लागलं. पण भारताचा संबंध नाही असंही नाही, फक्त तो तुम्ही म्हणता त्याहून जास्त वाईट आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, आली, १७६९-७० चा भयंकर दुष्काळ पडला, लोक मरत असताना वसुली चालूच, आणि एवढं करून १७७२ मध्ये कंपनी बुडायला आली. लंडनच्या गोदामांत दीड कोटी पौंडांहून (हे वजनाचे पौंड) जास्त चहा पडून. मग पार्लमेंटने कंपनीला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि वर हा चहा थेट अमेरिकेत नेऊन विकायची मुभा दिली, तोच तो १७७३ चा टी ॲक्ट. आणि हे अमेरिकेतल्या लोकांना माहीत होतं बरं का! पेनसिल्व्हेनियाचा वकील जॉन डिकिन्सन, त्याने त्याच वर्षी या चहाविरुद्ध लिहिताना बंगालच्या दुष्काळाचा सरळ दाखला दिलाय, की या कंपनीने आशियात माणसं उपाशी मारली आणि आता पैसे कमी पडले म्हणून यांची नजर आपल्याकडे वळली आहे. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते आणि आपल्याकडे कुणी सांगत नाही.

आता ‘चहा स्वस्त झाला होता’. झाला होता, शंभर टक्के. इंग्लंडमधली जकात कंपनीला परत मिळणार होती, मधले व्यापारी वगळले होते, त्यामुळे पौंडामागे ३ पेन्स टॅक्स धरूनसुद्धा तो हॉलंडमधून चोरून आणलेल्या चहाला टक्कर देईल असा हिशोब होता. स्मगलरांच्या पोटावर पाय येणार होता हेही खरं, बॉस्टनचा बडा व्यापारी जॉन हॅनकॉक याचं जहाज तर १७६८ मध्येच जकातवाल्यांनी जप्त केलं होतं. शिवाय वसाहतीतला माणूस ब्रिटनमधल्या माणसापेक्षा कितीतरी कमी टॅक्स भरायचा. इथपर्यंत आपलं एकमत आहे. पण मग प्रश्न असा पडतो ना, की इतका किरकोळ टॅक्स, वस्तू स्वस्त, तर न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या लोकांनीही जहाजं माल न उतरवता का परत पाठवली? सगळेच स्मगलर होते काय?

खरी मेख टॅक्सच्या रकमेत नाही, त्या पैशाचं काय करायचं ठरलं होतं त्यात आहे. बॉस्टन ज्या वसाहतीत येतं त्या मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर राजा नेमायचा पण त्याचा पगार तिथली निवडून आलेली सभा दरवर्षी मंजूर करायची. हीच त्यांच्या हातातली दोरी. ब्रिटनचा अर्थमंत्री टाउनशेंड याच्या १७६७ च्या कायद्यात काच, कागद, रंग, शिसं, चहा यांवर जकात बसवली तेव्हा स्पष्ट लिहिलं होतं की या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार देता येतील. बाकीच्या जकाती १७७० मध्ये काढल्या, चहाची ठेवली, आणि १७७२ मध्ये गव्हर्नर हचिन्सनने जाहीर केलं की आता माझा पगार राजाकडून येणार, पाठोपाठ न्यायाधीशांचं. उद्या तुमच्या सोसायटीच्या मॅनेजरचा पगार बिल्डर द्यायला लागला तर तो मीटिंगमध्ये कुणाचं ऐकेल सांगा. लोक चिडले ते यावर. मुख्य न्यायाधीश पीटर ऑलिव्हरने तो पगार घेतला म्हणून सभेने १७७४ मध्ये त्याच्यावर महाभियोग आणला, ज्युरीत बसायला बोलावलेली साधी माणसं म्हणाली याच्या कोर्टात आम्ही बसत नाही. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा शांतपणे काढून वाचा, राजाविरुद्धच्या तक्रारींची भली लांब यादी आहे, पहिल्या तक्रारी कायदे अडवल्याच्या आणि सभा बरखास्त केल्याच्या, मग न्यायाधीशांचे पगार, आणि ‘आमच्या संमतीशिवाय टॅक्स’ हे एक वाक्य बरंच खाली येतं.

आणि आता ज्या भागासाठी मी खरं हे लिहायला बसले तो. श्रीमंतांचं बंड म्हणता ना? १७७४ चा उन्हाळा बघा. चहाची शिक्षा म्हणून पार्लमेंटने १ जूनपासून बॉस्टनचं बंदर बंद केलं, ते सगळ्यांना माहीत असतं. पण दुसरा एक कायदा केला, मॅसॅच्युसेट्सचा कारभारच बदलणारा, तो जास्त झोंबला. गव्हर्नरचं सल्लागार मंडळ यापुढे राजा नेमणार. गावाची सभा वर्षातून एकदाच, जास्त हवी तर गव्हर्नरची परवानगी घ्या. ज्युरीची निवड शेरीफ करणार. आता हे न्यू इंग्लंडचे गाववाले रस्ता कुठून जावा, शाळामास्तर कोण, पाद्र्याचा पगार किती हे सगळं दीडशे वर्षं सभेत हात वर करून ठरवत आलेले. आणि शेतकऱ्याला कोर्ट म्हणजे काय? उधारीचा दावा. सावकाराने दावा लावला की जमीन जाऊ शकते. तो न्यायाधीश राजाचा पगारी, ज्युरी शेरीफची, आणि तक्रार करायला सभा भरवायची तर परवानगी नाही.

मग काय झालं, तर ऑगस्टमध्ये पश्चिमेकडच्या ग्रेट बॅरिंग्टनला दीड हजार माणसं कोर्टाच्या दारात उभी राहिली आणि न्यायाधीशांना आत जाऊच दिलं नाही. आणि ६ सप्टेंबर १७७४ ला वूस्टर, बॉस्टनपासून साठ-पासष्ट किलोमीटर आत, तिथे ३७ गावांतून साडेचार हजारांहून जास्त माणसं आली, गावागावाच्या मिलिशियाच्या, म्हणजे गावकऱ्यांच्याच हत्यारी दलाच्या, तुकड्या करून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने उभी राहिली. न्यायाधीश, शेरीफ, वकील अशा दोनेक डझन बड्या मंडळींना टोप्या हातात घेऊन त्या रांगांमधून चालत जावं लागलं आणि ‘आम्ही या कायद्याखाली काम करणार नाही’ असं लिहून दिलेलं थोड्या थोड्या अंतरावर थांबून पुन्हा पुन्हा वाचावं लागलं, जवळजवळ तीस वेळा, कारण मागच्यांना ऐकू आलं नाही! एकही गोळी सुटली नाही. इंग्रज सेनापती आणि नवा गव्हर्नर जनरल गेज सैन्य पाठवणार होता, त्याने बेत सोडून दिला. युद्धाची सुरुवात ठरलेला लेक्सिंग्टनचा गोळीबार झाला तो १९ एप्रिल १७७५ ला, म्हणजे त्याआधी सात महिने बॉस्टन सोडलं तर त्या प्रांतात राजाचा अंमल संपलेला होता, आणि तो संपवणारे लोक नांगर धरणारे होते. यातल्या कुणाचं चहाच्या स्मगलिंगशी घेणंदेणं? हेच शेतकरी १७८६ मध्ये स्वतःच्या नव्या सरकारने टॅक्स लादले, उधारीत जमिनी जायला लागल्या तेव्हा परत वूस्टरचं कोर्ट बंद करायला आले, आणि तेव्हा त्यांना फाशी द्या म्हणणाऱ्यांत सॅम्युएल ॲडम्स होता. हो, तोच, बॉस्टनच्या बंडाचा पुढारी. त्यामुळे ‘नेत्यांनी लोकांना नाचवलं’ ही थिअरी मला कायम अर्धवट वाटत आलीय, कारण नेते बऱ्याचदा मागून धावत असलेले दिसतात.

गुलामगिरीचा तुमचा मुद्दा मी अजिबात कमी करणार नाही, लेखात त्यावर लिहिलंही होतं. २५ लाखांच्या वसाहतीत साधारण ५ लाख माणसं गुलाम. जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनने मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा ठपका राजावर ठेवला होता (स्वतः गुलाम ठेवून हे लिहायला काय कातडी लागत असेल), काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, तो परिच्छेदच उडवला. व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केलं की बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्या सैन्यात येतील ते मोकळे, आणि माणसं पळाली की हो त्याच्याकडे. इंग्रजांना पुळका नव्हता, राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना ही ऑफर नव्हतीच. तरी १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना त्यांनी कबूल केल्याप्रमाणे जवळजवळ तीन हजार जणांना नावं नोंदवून नोव्हा स्कॉशियाला (आजच्या कॅनडात) नेलं, आणि बंडखोरांचा सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन त्यांना परत मागत होता.

त्या तीन हजारांत एक हॅरी वॉशिंग्टन होता. जॉर्ज वॉशिंग्टनच्याच माउंट व्हर्ननवरून पळालेला गुलाम. नोव्हा स्कॉशियातून तो १७९२ ला आफ्रिकेत सिएरा लिओनला गेला, तिथे इंग्रजांच्या कंपनीचं राज्य होतं, फुकट जमीन देतो म्हणून नेलं आणि नंतर जमिनीवर सारा मागायला लागले. १८०० मध्ये तिथल्या काळ्या वसाहतवाल्यांनी बंड केलं, की आमच्यातले न्यायाधीश आम्ही निवडू आणि हा सारा देणार नाही. ते चिरडलं गेलं, दोघांना फाशी झाली, आणि हद्दपार झालेल्यांत हॅरी होता. आता मला सांगा हे टॅक्सचोर म्हणायचे का? आणि त्या ग्रेट बॅरिंग्टनला, जिथे कोर्टाचं दार अडवलं होतं, तिथेच १७८१ मध्ये एलिझाबेथ फ्रीमन नावाच्या गुलाम बाईने दावा लावला की राज्याच्या नव्या घटनेत सगळी माणसं जन्मतः मोकळी आणि समान लिहिलंय तर मी गुलाम कशी, आणि ती जिंकली. म्हणजे मालकांनी स्वतःपुरती लिहिलेली वाक्यं त्यांच्याच विरुद्ध वापरायला लोकांनी दहा वर्षंसुद्धा घेतली नाहीत. मला त्या काळाचं जे काही कौतुक आहे ते या लोकांमुळे जास्त आहे. मूळच्या आदिवासींना मात्र यातून काहीच मिळालं नाही, त्यांचा उल्लेख जाहीरनाम्याच्या शेवटच्या तक्रारीत ‘निर्दय रानटी’ असा येतो. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनने इरोक्वा या आदिवासी लोकांची चाळीसहून जास्त गावं जाळली, उभं मक्याचं पीक आणि फळबागांसकट, आणि १७८३ च्या तहात इंग्रजांनी मिसिसिपीपर्यंतचा मुलूख आदिवासींना विचारल्याशिवाय अमेरिकेला देऊन टाकला.

फ्रेंचांचं म्हणाल तर वाद कुठेय? यॉर्कटाऊनच्या निर्णायक लढाईत नौदल धरलं तर फ्रेंचच जास्त होते, द ग्रास या फ्रेंच सेनानीच्या आरमाराने सप्टेंबर १७८१ मध्ये चेसापीकच्या तोंडावर इंग्रज जहाजं परतवली नसती तर इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस निघून गेला असता, शरण आला नसता. फक्त फ्रान्स उघडपणे उतरला तो फेब्रुवारी १७७८ ला, साराटोगाला अख्खी इंग्रज फौज शरण आल्यावर. हरणाऱ्या घोड्यावर फ्रान्सच्या राजा लुईने पैसे लावले नसते.

राहता राहिलं वडगाव. लिहीन, नक्की लिहीन, जानेवारी १७७९ चा तो तह हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण ‘अमेरिकेपेक्षा आपलं लिहा’ असं तुम्ही म्हणता तेव्हा ती दोन वेगळी कपाटं आहेत असं धरून चालता, आणि तसं ते नव्हतं. १७७७ मध्ये सँ ल्युबँ हा फ्रेंच एजंट पुण्यात नाना फडणवीसांकडे येऊन बसला होता आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली होती, कारण अमेरिकेमुळे फ्रान्सशी युद्ध पेटणार हे दिसतच होतं. म्हैसूरचा हैदर अली कर्नाटकात घुसलेला, तिकडे अमेरिका हातची चाललेली, म्हणून तर कंपनीचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याला मराठ्यांशी १७८२ चा सालबाईचा तह इतका हवा होता, आणि त्यात पेशव्यांनी फ्रेंचांना थारा देऊ नये हे कलम आवर्जून घातलं गेलं. आणि हैदरचं नाव तिकडेही पोचलं होतं, पेनसिल्व्हेनियावाल्यांनी आपल्या एका लढाऊ जहाजाला ‘हैदर अली’ नाव दिलं होतं, १७८२ मध्ये त्याने डेलावेअरच्या खाडीत इंग्रजांचं त्याच्याहून मोठं जहाज पकडलं.

यॉर्कटाऊनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस पाचच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला. हैदरचा मुलगा टिपू याच्यावर चालून गेला तेव्हा त्याच्या बाजूने परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके फौजा घेऊन उभे होते, १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात पेशव्यांनी आपला वाटाही घेतला. वडगाववर लिहा म्हणालात ना, तर हेही त्याच लेखात येणार, आणि तेव्हा तुमची प्रतिक्रिया नावासकट आली तर बरं वाटेल.