धाडस नेमके कोणाचे?

आज सकाळी एका परिचितांनी अलास्काच्या क्रूझचे फोटो टाकले आणि त्याखाली लिहिले, ‘धाडसी रशियन व्यापाऱ्यांनी घडवलेली भूमी.’ तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही.

काही वर्षांपूर्वी आम्हीही अलास्कातील सिटका या गावी गेलो होतो. तिथे आमच्या मार्गदर्शकाने समुद्री पाणमांजराच्या कातड्याचा एक तुकडा हाताळायला दिला. त्या दाट केसांत रुतलेली बोटे बाहेर काढावीशी वाटेनात. चीनमधील धनिक त्यासाठी एवढा पैसा का ओतत होते, हे तेव्हाच उमगले. माझ्या मुलीने विचारले, “हे मारलं कुणी?” मार्गदर्शक उत्तरला, “रशियनांनी.”

साफ खोटे! रशियाच्या सेवेतील दर्यावर्दी बेरिंगच्या 1741 च्या मोहिमेतून वाचलेले खलाशी अशी कातडी घेऊन रशियाच्या पूर्व टोकावरील कामचाटकाला परतले आणि सैबेरियातील प्रोमिश्लेनिकी, म्हणजे फरचे शिकारी-व्यापारी, अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवर तुटून पडले. परंतु भर समुद्रात पाणमांजर टिपण्याचे कसब त्यांच्यापाशी नव्हतेच. ते होते कातड्याच्या चिंचोळ्या होडीतून भाला फेकणाऱ्या उनांगन, म्हणजे त्या बेटांवरच्या मूळ रहिवासी, पुरुषांपाशी. म्हणून या शूरवीरांनी त्यांच्या बायकामुलांना ओलीस ठेवले आणि पुरुषांना शिकारीला जुंपले. ज्या दिवसांत घरासाठी मासे साठवायचे, ते दिवस परक्यांच्या कातड्यांपायी गेले आणि हिवाळ्यात घरे उपाशी राहिली. 1763-64 मध्ये उनांगनांनी उठाव केला, तेव्हा सोलोव्योव्ह या रशियन व्यापाऱ्याने गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. 1784 मध्ये अलास्कातील कोडियाक बेटाजवळच्या एका खडकावर आसरा घेतलेल्या तिथल्या मूळ रहिवासी सुगपियाक लोकांवर रशियन व्यापारी शेलिखोवने तोफा डागल्या. यात धाडस शोधणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.

रोगराईनेही पुष्कळ माणसे दगावली, हे मान्य. रशियन पाद्री वेनियामिनोव यांनी उनांगन नेते इव्हान पानकोव यांच्या मदतीने त्यांच्या भाषेसाठी लिपी तयार केली, हेही मान्य करतो, आणि त्या माणसाविषयी मला आदरच वाटतो. पण म्हणून ओलिसांचा हिशेब मिटत नाही.

त्या दिवशी जहाजावर परतल्यावर मी मुलीला खरे उत्तर सांगितले. तिने लगेच दुसरा प्रश्न टाकला, “मग ते पळून का नाही गेले?” पळणार कुठे? बायकामुले व्यापाऱ्यांच्या ताब्यात आणि चहूकडे समुद्र. शिवाय जिथे मनुष्यवस्ती नव्हती, तिथेही व्यापारीच त्यांना घेऊन गेले. 1786 मध्ये रशियन दर्यावर्दी प्रिबिलोव्हला फर सीलांनी गजबजलेली निर्जन बेटे सापडताच, ते सील मारण्यासाठी उनांगन कुटुंबे तिकडे हलवण्यात आली. त्यांपैकी सेंट पॉल बेटावर आज जी वस्ती आहे, ती बहुतांशी त्यांच्याच वंशजांची आहे.